‘फाइल्ड’चा शिक्का म्हणजे हुकूमनामा नव्हे

प्रश्न : ताई, माझी मुलगी ३४ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. ओळखीतून अमेरिकेतल्या सनीव्हेलचे स्थळ आले आहे. मुलगा चांगला वाटतो, दोघांचे बोलणेही जुळले आहे. त्याचे पहिले लग्न नागपूरला, आपल्या पद्धतीने झाले होते. ‘२०१९च्या उन्हाळ्यात इकडच्या कोर्टात घटस्फोट झाला’ असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. कागद मागितल्यावर व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो आला. नावे झाकून सोबत पाठवते आहे. माझा भाचा फ्रीमाँटला असतो. त्याने तिथल्या कोर्टाच्या संकेतस्थळावर मुलाचे नाव टाकून पाहिले, काहीच सापडले नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. यजमान म्हणतात, फार खोदून विचारू नकोस, हातचे स्थळ जाईल. आपण ना नात्यातले, ना वकील. मग तिथल्या कोर्टातून आपल्याला परस्पर कागद मिळू शकतो का? मुलीला यातले काही सांगितलेले नाही.
– एक आई, नाशिक

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून नीट पाहिला. भाच्याला नाव सापडले नाही यावरून मुलावर संशय घेऊ नका. भाचा राहतो त्या फ्रीमाँटचे कोर्ट अलामेडा काउंटीचे, आणि सनीव्हेल येते सांता क्लारा काउंटीत. गाडीने फार लांब नाही, पण कोर्टाच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे. धुळ्याचा दावा नाशिकच्या कोर्टात शोधावा तसे झाले. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंटी आहेत. प्रत्येकीचे सुपिरियर कोर्ट वेगळे, दप्तर वेगळे आणि संकेतस्थळही वेगळे. सगळ्या राज्यातली प्रकरणे एकाच ठिकाणी नाव टाकून शोधावीत, अशी सोय तिथे नाही.

आता जरा मन घट्ट करून वाचा. तुमच्याकडे आलेला कागद घटस्फोटाचा हुकूमनामा नाही. पानाच्या उजव्या कोपऱ्यात वर एफएल-१०० असे छापलेले आहे. तो घटस्फोट मागण्याचा पहिला अर्ज, तिकडे त्याला पिटिशन म्हणतात. त्यावरचा ‘फाइल्ड’चा शिक्का आणि मार्च २०१९ची तारीख एवढेच सांगते की त्या दिवशी अर्ज दाखल झाला. पुढे त्याचे काय झाले, हे त्या पानावरून कळणार नाही.

मुलाने मुद्दाम फसवले, असा अर्थ मात्र यातून काढू नका. सांता क्लारा काउंटीतल्याच सॅन होजे शहरात एका वकिलांच्या कार्यालयात मी कितीतरी वर्षे कागदपत्रांचे काम केले. शिक्क्याचा जो कागद हाताशी असेल तोच डिक्री समजून कपाटात जपून ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, चांगली शिकलेली. त्या दिवसांत माणसाचे लक्ष कागदावर नसते.

शिवाय याच पानाने तुमचे निम्मे काम करून ठेवले आहे. डाव्या बाजूला कोर्टाचे नाव, त्याखाली काउंटी ऑफ सांता क्लारा आणि पत्ता. उजव्या बाजूच्या चौकटीत केस नंबर : आधी वर्षाचे दोन आकडे, मग एफएल ही अक्षरे, मग क्रमांक. नावे झाकताना तो तुम्ही झाकला नाहीत. भाचा नावावरून शोधत बसला आणि नंबर तुमच्या मोबाइलमध्येच होता. काखेत कळसा म्हणतात तो हा. आजच त्याला तो नंबर पाठवा.

ज्यांच्याकडे नंबर नसतो त्यांच्यासाठी थोडे लिहिते, कारण या सदराकडे अशीही पत्रे येतात. नावावरून शोधताना दोघांचीही नावे टाकून पाहा. अर्ज बायकोने केलेला असेल तर पहिले नाव तिचे असते. आपल्या नावांचे स्पेलिंग हा वेगळाच ताप. लक्ष्मणमध्ये एक्स आहे की के-एस-एच, वाघ डब्ल्यूने सुरू होतो की व्हीने, वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लिहिले की पहिल्या नावालाच चिकटवले, यावर सगळे अवलंबून. पासपोर्टवर जसे असेल तसे आधी टाका, मग एकेक अक्षर बदलून बघा. आणि माणूस आज कुठे राहतो हे महत्त्वाचे नाही, अर्ज केला तेव्हा दोघांपैकी कोण कुठे राहत होते ते विचारा. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा अर्ज करायला दोघांपैकी एकाने तरी राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेले असावे लागते. त्यामुळे राहण्याचा पत्ता कळला की कोर्टाचा पत्ता लागतो.

तुमचा मूळ प्रश्न : नात्यात नसताना कागद मिळतो का? मिळतो. आपल्याकडे तिऱ्हाइताने कोर्टातून नक्कल मागितली की कारण लेखी द्यावे लागते. कॅलिफोर्नियात कोर्टाचे दप्तर मुळात लोकांसाठी खुले मानतात. खिडकीवर कोण तुम्ही, कशाला हवे, असे विचारत नाहीत. काही कागद मात्र बंद असतात, उदाहरणार्थ मुलांच्या ताब्याबद्दल तज्ज्ञांनी दिलेले अहवाल. दोघांनी एकमेकांना दिलेला मालमत्तेचा तपशीलवार हिशेब तर कोर्टात दाखलच होत नाही. हुकूमनामा मात्र कुणालाही मागता येतो. सगळ्या राज्यांत असे आहे असे समजू नका. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल फक्त त्या दोघांना आणि त्यांच्या वकिलांनाच मिळते. तुमचे प्रकरण तिथले असते तर मुलाकडून कागद घेण्यावाचून मार्ग नव्हता.

भाच्याने सांता क्लाराच्या कोर्टाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की त्याला त्या प्रकरणाचा रोजनामा दिसेल : कोणत्या तारखेला काय दाखल झाले, काय हुकूम झाला. प्रत्यक्ष कागद उघडणार नाहीत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांप्रमाणे साध्या दिवाणी दाव्याचे कागद घरबसल्या पाहता येतात, पण कौटुंबिक प्रकरणांचे कागद कोर्टाच्या इमारतीत जाऊनच पाहावे लागतात. लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत त्या, नियम मला योग्यच वाटतो. म्हणून कागद उघडला नाही तर काहीतरी दडवले आहे असे समजून घाबरू नका.

त्या रोजनाम्यात ‘जजमेंट’ म्हणजे हुकूमनामा, आणि ‘नोटीस ऑफ एंट्री ऑफ जजमेंट’ म्हणजे त्याची नोंद झाल्याची नोटीस, या दोन नोंदी आहेत का, ते आधी पाहायला सांगा. दोन्ही असतील तर बराचसा प्रश्न सुटला. अर्जानंतर दोन-चार नोंदी होऊन पुढे काहीच नसेल, तर प्रकरण अर्धवट राहिले असण्याची शक्यता आहे. असे होते. दोघे वेगळे राहू लागतात, शेवटचे कागद भरायचे राहतात, आणि मनाने कधीच संपलेले लग्न कायद्याने चालूच असते.

नोंदी दिसल्या की भाच्याने एक दिवस सॅन होजेला जावे. कौटुंबिक प्रकरणांचे कोर्ट नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर आहे, २०१६ साली उघडलेली नवी इमारत. दारात विमानतळासारखी तपासणी, मग दप्तराच्या खिडकीसमोर रांग. नंबर, दोघांची नावे आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते एका चिठ्ठीवर लिहून न्यावे, तोंडी सांगण्यात घोटाळे होतात. जाण्याआधी फोन करून फाइल तिथेच आहे ना, हे विचारावे. जुन्या फायली बाहेरच्या गोदामात असतात आणि मागवायला दिवस लागतात. खर्च फार नाही : साध्या छायाप्रतीचे पानाला ५० सेंट, घटस्फोटाचा हुकूमनामा प्रमाणित करून हवा तर त्याचे आणखी १५ डॉलर. नंबर नसताना कर्मचाऱ्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त शोधावे लागले तर शोधण्याचे १५ डॉलर वेगळे. दर बदलतात, त्या दिवशीचे पाहून घ्यावेत. टपालानेही मागवता येते, पण त्यासाठी तिथल्या बँकेचा चेक आणि तिकीट लावलेले परतीचे पाकीट लागते. नाशिकहून ते जमवण्यापेक्षा भाच्याची एक दुपार बरी.

नक्कल मागताना ‘घटस्फोटाचे कागद’ असे मोघम सांगू नये. दोनच कागद मागावेत. पहिला एफएल-१८०, हाच हुकूमनामा. सोबत दोघांमधला तडजोडीचा करार जोडलेला असेल तर तोही घ्यावा, पाने तीस-चाळीस झाली तरी. दुसरा एफएल-१९०, म्हणजे हुकूमनाम्याची नोंद झाल्याची नोटीस. प्रमाणित प्रतीवर ही मूळ कागदाची पूर्ण आणि खरी प्रत आहे, अशा अर्थाचा मजकूर, कोर्टाचा शिक्का, लिपिकाची सही आणि तारीख असते. हे नसलेला कागद म्हणजे नुसती झेरॉक्स. पैसे भरले की मिनिटभरात माहिती देऊ म्हणणाऱ्या खासगी संकेतस्थळांच्या नादी लागू नका. त्यांच्या छापील कागदाला ना तिथे किंमत, ना इथे.

एफएल-१८० हातात आला की वरच्या चौकोनांवर बोट ठेवून वाचा. तिथे घटस्फोट, कायदेशीर विभक्तता आणि विवाह रद्द करणे असे वेगवेगळे पर्याय छापलेले असतात आणि जो लागू असेल त्यावर खूण असते. विभक्ततेच्या चौकोनावर खूण असेल तर ‘जजमेंट’ हे नाव असूनही लग्न कायम आहे. मग खाली वैवाहिक संबंध कोणत्या तारखेला संपतात, ती तारीख बघा. तिथल्या कायद्याप्रमाणे अर्जाचे समन्स समोरच्याला पोहोचल्यापासून, किंवा समोरचा कोर्टात हजर झाल्यापासून, सहा महिने गेल्याशिवाय लग्न संपत नाही. अर्ज मार्च २०१९चा, म्हणजे सप्टेंबरच्या आधी ते संपणे शक्य नाही. मुलगा उन्हाळा म्हणतो. न्यायाधीशांनी हुकूमनाम्यावर सही उन्हाळ्यात केली असेल आणि लग्न संपण्याची तारीख पुढची घातली असेल, असे करता येते, आणि माणसाच्या लक्षात सहीचा दिवस राहतो. तेव्हा या फरकावरून त्याला खोटे पाडू नका, पण तारीख मात्र कागदावरचीच धरा. एफएल-१९०वर तर चौकट करून बजावलेले असते की या तारखेआधी दोघांपैकी कुणीही पुन्हा लग्न करू नये.

आता ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही ते. पहिले लग्न नागपूरला, हिंदू विवाह कायद्याखाली झाले आहे. कॅलिफोर्नियात घटस्फोटाला ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ एवढे कारण पुरते, १९७० पासून तिथे कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. आपल्या कायद्यात मात्र हे कारण घटस्फोटाचा आधार म्हणून दिलेले नाही. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली याच विषयावर निकाल दिला. लग्न तिरुपतीला १९७५ साली झालेले. नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून १९८० साली घटस्फोट मिळवला, तोही आपण ९० दिवस तिथले रहिवासी आहोत असे सांगून, प्रत्यक्षात तो राहत होता लुईझियाना या दुसऱ्याच राज्यात. मग त्याने दुसरे लग्न केले. पहिल्या बायकोने द्विविवाहाची फौजदारी तक्रार केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट भारतात मानला नाही. त्याच खटल्यात कागदाचाही प्रश्न आला होता. हुकूमनाम्याची नुसती छायाप्रत पुरेशी नाही, ती रीतसर प्रमाणित असायला हवी, असे न्यायालयाने सांगितले. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर लग्न ठरवू नका असे मी म्हणते, त्यामागे हे आहे.

याच निकालात वाटही दाखवली आहे. समोरच्याने आपणहून त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असेल, घटस्फोटाला संमती दिली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून फाइलमध्ये पहिल्या पत्नीचा सहभाग शोधायचा. तिने उत्तर दाखल केले असेल तर रोजनाम्यात ‘रिस्पॉन्स’ अशी नोंद असते. ‘डिफॉल्ट’ अशी नोंद असेल तर प्रकरण तिच्या उत्तराशिवाय पुढे गेले. पण तेवढ्यावरही थांबू नका. अनेक जोडपी खर्च वाचवायला असेच करतात : एकजण अर्ज करतो, दुसरा उत्तर देत नाही, पण तडजोडीच्या करारावर नोटरीसमोर सही करतो. म्हणून त्या कराराची नक्कल घ्यायला सांगितली. तिची नोटरी केलेली सही असलेले शेवटचे पान तुमच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तिची सही नाही, उत्तर नाही, आणि ती त्या वेळी नागपूरला होती असे दिसले, तर साखरपुड्याची तारीख धरू नका. आधी नाशिकच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक कायदा जाणणाऱ्या वकिलांना फाइल दाखवा. वैवाहिक स्थिती काय आहे हे जाहीर करणारा हुकूम इथल्या कौटुंबिक न्यायालयाकडून घेण्याची तरतूद आहे, ती वेळीच वापरलेली बरी.

कागद इथे वापरायचा तर प्रमाणित प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचे दुसऱ्या देशासाठी दिलेले सरकारी प्रमाणपत्र, लागेल. अपोस्टिलच्या करारात भारत १४ जुलै २००५ पासून आहे. कॅलिफोर्नियात ते सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय देते, फी २० डॉलर. नक्कल घेतानाच ‘परदेशात वापरायची आहे, अपोस्टिल करायचे आहे’ असे खिडकीवर सांगावे, म्हणजे सही-शिक्का त्या दृष्टीने घेता येतो. वकिलांना भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रमाणपत्रही हवे आहे का, ते आधी विचारा.

हे सगळे भाच्याकडून गुपचूप करवून घेता येईल. पण तसे करू नका, ताई. मुलगी ३४ वर्षांची आहे, लग्न तिचे आहे. आज रात्री तिला फोन करा, फोटो दाखवा, मी वर लिहिले ते सांगा. उद्या नक्कल हाती आल्यावर तिला कळले की आईने माझ्या पाठीमागे त्याची फाइल काढली, तर ती त्याच्यावर नाही, तुमच्यावर रागावेल, आणि तिचे बरोबर असेल. मग तिनेच त्याला लिहावे : ‘तू पाठवलास तो अर्ज आहे. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल. तू काढतोस की माझा भाऊ काढू दे?’ यजमानांना वाटते तसे यात अपमानाचे काही नाही. घटस्फोटितांना इथे विवाह नोंदणीसाठी हा कागद द्यावाच लागतो. पुढे पतीने पत्नीसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला की पहिले लग्न संपल्याचा पुरावा तिथलेही सरकार मागते. म्हणजे आज ना उद्या हा कागद त्याला काढावाच लागणार आहे. या एका कागदाच्या मागणीने स्थळ जाणार असेल, तर ते जाऊ द्या, अगदी बिनघोर जाऊ द्या.

फाइल वाचण्याबद्दल माझे एक मागणे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या एका वयस्क गृहस्थांबरोबर मी असाच कागद काढायला गेले होते. हवा होता फक्त हुकूमनामा. पण फाइल पुढ्यात आली आणि त्यांनी त्यातले एक प्रतिज्ञापत्र वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर ते थांबले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. त्या कागदात भांडणे होती, पैशांचे हिशेब होते, एका रात्रीचे वर्णन होते. रागाच्या भरात, वकिलाच्या सांगण्यावरून, एका बाजूने लिहिलेले. कोर्टाने त्यातले काहीच ठरवले नव्हते, दोघांनी पुढे तडजोड केली होती. पण ते शब्द त्या गृहस्थांच्या मनातून गेले नाहीत. भाच्याला निक्षून सांगा : दोन कागद, करार, आणि पहिल्या पत्नीच्या सहभागाची नोंद, एवढेच पाहायचे. त्या मुलीचेही ते आयुष्य आहे, ती कुणाची तरी लेक आहे. एकच अपवाद : रोजनाम्यात मारहाणीपासून संरक्षणाचा हुकूम, ‘रिस्ट्रेनिंग ऑर्डर’, अशी नोंद दिसली तर तो हुकूम जरूर काढा आणि वाचा. कोर्टाने तो नुसता मागितल्यावर तात्पुरता दिला होता की दोन्ही बाजू ऐकून कायम केला होता, हे पाहा, आणि मुलीच्या हाती द्या.

नक्कल नाशिकला पोहोचली की पाकीट तुम्ही फोडू नका, तसेच पुण्याला घेऊन जा. दोघी मिळून उघडा. एफएल-१८०वरची खूण, लग्न संपल्याची तारीख आणि करारावरची सही, एवढे तिला दाखवा. त्यातले काही समजले नाही तर नावे झाकून ते पान मला पाठवा, मी कळवते.